मास्तरांचा 'स'

आमच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात, की आवाज ऐकायचा असेल तर अर्थाचं दार लावून घ्या. माणूस 'पाणी द्या' म्हणाला की आपण पेला शोधायला धावतो, आणि त्याचे ओठ 'प'ला नीट मिटले का, हे बघायचं राहून जातं. म्हणून रेकॉर्डिंगचा छोटा तुकडा करायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि तोच तुकडा वीसदा, तीसदा, पन्नासदा ऐकायचा. दहाव्या वेळी वाक्य विरघळतं, विसाव्या वेळी शब्द. मग नुसती हवा उरते, जीभ उरते, दात उरतात. तेव्हा कुठे कळतं की गाडी कुठे अडते आहे.

मला हे फार चांगलं जमायचं. इतकं चांगलं, की आज ते सांगताना मान वर होत नाही.

मी इस्पितळात वाचा-उपचार करते. दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे माझी खोली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा आणि एका डब्यात कागदाच्या पट्ट्या. पट्टी रुग्णाच्या ओठांसमोर धरायची. 'फ' म्हटलं की ती फडफडली पाहिजे, 'ब' म्हटलं की जेमतेम हलली पाहिजे. नवीन माणसाला हा पोरखेळ वाटतो. महिन्याभराने तोच माणूस पट्टी हलली म्हणून डोळे पुसतो.

मास्तर माझ्याकडे आले ते चाकाच्या खुर्चीतून. शिंपी होते, चाळीस वर्षं शिवणकाम केलेले. एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या झटका आला, आणि उजवं अंग आणि अर्धा चेहरा गेला. बोलणं ओल्या कापडाखालून आल्यासारखं यायचं. त्यात सगळ्यात वाईट हाल 'स'चे. 'सात' म्हणायला गेले की हवा गालातून निसटायची, जुन्या सायकलच्या ट्यूबसारखी.

"बाई," ते एकदा म्हणाले, आणि हे एवढं बोलायला त्यांना मिनिटभर लागलं, "चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून बोललो. एका गिऱ्हाइकाने कधी 'काय म्हणालात' असं विचारलं नाही. आता तोंड रिकामं आहे, तर कुणाला कळत नाही."

"मग टाचण्या देऊ का?"

"द्या. गिऱ्हाईकपण द्या."

मी टाचण्या दिल्या नाहीत, पण दातांत धरायला एक लाकडी पट्टी दिली. दातांत काहीतरी असलं की जबडा गप्प बसतो आणि सगळं काम एकट्या जिभेला करावं लागतं. ही आमची जुनी युक्ती. मास्तरांची जीभ चाळीस वर्षं त्याच तालमीत वाढलेली. चौथ्या आठवड्यात 'स' थोडा सरळ झाला, आणि मास्तर आरशात स्वतःकडे बघून एका बाजूने हसले.

दर मंगळवारी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन यायचा. शांत, थकलेला माणूस. कुठल्यातरी कचेरीत होता आणि मंगळवारची अर्धी रजा टाकायचा. कधी सून यायची. ती चटपटीत, तोंडाने फटकळ, पण मास्तरांच्या हनुवटीवरची लाळ पुसताना तिचा हात हळू व्हायचा. पहिल्याच भेटीत तिने मास्तरांच्या देखत विचारलं होतं, "यांना कळतं का हो काही? आम्ही आपलं बोलत असतो."

"सगळं कळतं," मी म्हणाले. "उत्तर यायला वेळ लागतो, एवढंच."

मी हे म्हणाले ते फाइलमध्ये लिहिता लिहिता, मान खाली घालून. तिनेही, इस्पितळात माणसं डोलावतात तशी मान डोलावली. खरं तर दोघांना समोर बसवून तीनदा सांगायला हवं होतं. आमच्याकडे सगळं तीनदा करतात, हेच तेवढं एकदा केलं.

आठवा महिना होता. माझ्या तक्त्यात चाळीस शब्द असतात, आणि शेवटचा रकाना 'स्वतःचं बोलणं'. त्या मंगळवारी मुलगा औषधांच्या रांगेत उभा राहायला खाली गेला. मी रेकॉर्डर चालू केला आणि म्हणाले, "मास्तर, आता तुमच्या मनाने काहीतरी बोला. काहीही."

त्यांनी दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. मग ते बोलले. तीन वाक्यं, मध्ये बराच बराच वेळ घेत. मी आरशात त्यांच्या जिभेचं टोक बघत होते आणि तक्त्यावर खुणा करत होते. बरोबर, बरोबर, बरोबर. हवा दातांच्या मधोमध येत होती, एकदाही गालातून निसटली नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

"छान," मी म्हणाले. "परत एकदा म्हणा. सावकाश."

मास्तर आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दम खात आहेत. मग त्यांनी तीच तीन वाक्यं पुन्हा म्हटली, आवाज आणखी खाली नेऊन. मी म्हणाले, "अजून एकदा, जरा मोठ्याने." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी तक्त्यावर लिहिलं, 'थकवा'.

पुढच्या महिन्यात आमच्या विभागाला पंचवीस वर्षं होणार होती. सर म्हणाले, कार्यक्रम करू, रुग्णांच्या घरच्यांना बोलावू, 'आधी' आणि 'आता' अशी रेकॉर्डिंग ऐकवू. सर आमचे विभागप्रमुख, माणूस उत्साही. उत्साहात ते खुर्चीवर बसत नाहीत, टेबलाला टेकतात. मी लगेच मास्तरांचं नाव सुचवलं. त्या मंगळवारच्या रेकॉर्डिंगमधून पहिल्या वेळचा तुकडा कापला, साफ केला. संगणकावर आवाजाचं चित्र काढलं की 'स' वरच्या बाजूला काळ्या डागासारखा दिसतो. मास्तरांच्या तुकड्यात असे सहा डाग होते. ठळक आणि एकसारखे.

"सहा टाके," सर म्हणाले. "शिंप्याला शोभतील असे."

मी तो तुकडा किती वेळा ऐकला असेल? साठ वेळा तरी. घरी भाजी निवडताना तो माझ्या कानात वाजत होता. आणि एकदाही, देवाशपथ सांगते, एकदाही मी तो ऐकला नाही.

कार्यक्रम सकाळी होता. इस्पितळाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं, त्यांत निम्मे विद्यार्थी. पहिल्या रांगेत मास्तर, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला मुलगा. मुलाने निळा, बारीक रेघांचा सदरा घातला होता. मास्तर मला आधीच म्हणाले होते, आजारपणाआधी शिवलेला शेवटचा सदरा तो. सुनेने केसांत फूल माळलं होतं. लग्नाला आल्यासारखी ती मंडळी आली होती.

मी 'आधी' लावलं. सकाळ, सात, साबण. सगळ्यांत फुसकी हवा. लोक हळहळले. मी टाचण्यांचा किस्सा सांगितला, लोक हसले. मास्तरही हसले. मग मी म्हणाले, "आता ऐका. शब्दांकडे लक्ष देऊ नका, फक्त 'स' ऐका."

आणि बटण दाबलं.

मास्तरांचा आवाज सभागृहभर पसरला. सावकाश, जड, पण स्वच्छ. "त्याच दिवशी सुटले असते, तर बरं झालं असतं, म्हणाला माझा मुलगा. मी ऐकलं, हे त्याला सांगू नका. सोसणार नाही त्याला."

पाठोपाठ माझाच आवाज आला. "छान. परत एकदा म्हणा. सावकाश."

मी पडद्यावर काठी टेकवून डाग दाखवत होते. एक, दोन, तीन. मागे शांतता होती. चांगल्या गोष्टीनंतर होते तशी शांतता मला ती वाटली. मास्तरांनी डावा हात वर केला. मला वाटलं, लोकांना अभिवादन करत आहेत. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि हात जोडले.

"मागच्यांना नीट ऐकू आलं नसेल," सर म्हणाले. त्यांचंही लक्ष पडद्याकडेच होतं. "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं.

मास्तरांचा हात अजून वरच होता.  तुकडा संपला, आणि मी तिसऱ्यांदा बटणाकडे बोट नेलं. तिसऱ्या वेळी प्रत्येक 'स' वेगळा करून ऐकवायचा, असं ठरलं होतं.

"बाई," मुलगा म्हणाला. तो उठला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. "बंद करा ते."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि अर्थाचं लावलेलं दार उघडलं. साठ वेळा ऐकलेलं वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं.

सून उठली. तिने खुर्चीचा ब्रेक काढला आणि मास्तरांना मधल्या वाटेने बाहेर नेलं. सगळ्यांनी पाय आत घेऊन वाट दिली. मुलगा तसाच बसला होता. सदऱ्याच्या बाहीचं बटण काढत होता, लावत होता, पुन्हा काढत होता. मग तोही गेला. मी हातात काठी धरून उभी. पडद्यावर सहा टाके.

नंतर खोलीत सरांनी पहिला प्रश्न विचारला, "परवानगीचा कागद आहे ना आपल्याकडे?"

कागद होता. खाली मुलाचीच सही होती.

सर वाईट माणूस नाहीत. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मलाही ऐकू आलं नाही हो." पण त्याने माझं ओझं काही हलकं झालं नाही. त्यांना कुणी विश्वासाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची आरशाकडे पाठ करून वळवली, तक्ता खणात ठेवला आणि त्या मंगळवारचं सगळं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून ऐकलं. चाळीस शब्द. मग माझं 'तुमच्या मनाने काहीतरी बोला'. मग ती लांब शांतता, ज्यात ते दाराकडे बघत होते. मग ते वाक्य. एक माणूस महिनोन् महिने पोटात ठेवलेला दगड काढून माझ्या ओंजळीत ठेवतो आहे, आणि मी म्हणते आहे, छान. परत एकदा. आणि तो भला माणूस तो दगड उचलून पुन्हा ठेवतो आहे. त्याला वाटलं असेल, बाईंना नीट समजून घ्यायचं आहे. 'अजून एकदा, जरा मोठ्याने' ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं असेल. म्हणून डोळे मिटले. आणि मी लिहिलं, थकवा.

लहानपणी आई मला कीर्तनाला न्यायची. ते बुवा गाता गाता एकदम थांबायचे, आणि एक साधं वाक्य नुसतं बोलायचे. आई म्हणायची, गाणं ज्यासाठी आहे ते हे. सुरावर डोलून घरी गेलीस तर ओटी रिकामीच. मी डोलणाऱ्यांतली निघाले. त्या संध्याकाळी देवासमोर बसले, तर रोजचं म्हणणंही ओठांवर येईना. देव ज्याचं गुपचूप ऐकून घेतो, त्याचंच बोलणं मी वाजवून दाखवलं होतं.

पुढच्या मंगळवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी फोन केला. सुनेने उचलला.

"ते बोलत नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे परत काही झालं का? डॉक्टरांना..."

"झटका नाही आलेला. त्या दिवसापासून घरात चकार शब्द नाही. पाणी हवं तर पेल्याकडे बोट दाखवतात." मग ती म्हणाली, "आणि हेही बोलत नाहीत. बाप तिकडे भिंतीकडे तोंड करून, लेक इकडे. मी मध्ये रेडिओसारखी एकटीच वाजते."

मी रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. वाटेत वाक्य तयार केलं, पाठ केलं, चार वेळा बदललं.  आठ महिन्यांत मोकळी केलेली जीभ माझ्यामुळे पुन्हा अडकली होती. ती तशीच राहिली, तर मी कुठल्या तोंडाने कुणाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरणार होते?

दार मुलाने उघडलं. त्याने मला बघितलं आणि बाजूला झाला. 'या' म्हणाला नाही, 'जा'ही म्हणाला नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिवणयंत्र होतं, त्यावर चादर टाकलेली.

"मी माफी मागायला आले," मी म्हणाले.

"कसली?" तो म्हणाला. "तुम्ही काही मुद्दाम नाही केलं. मीही मुद्दाम बोललो नव्हतो. त्या रात्री चौथ्यांदा चादर बदलली होती. ते रडत होते, मी चिडलो होतो. इथे, या दाराशी उभा राहून हिला म्हणालो. मला वाटलं, त्यांना काही कळत नाही." तो बोटाने दाराच्या चौकटीवरचा रंग खरवडत होता. "त्यानंतर इतके महिने मी त्यांची दाढी करतो आहे, बाई. गळ्याजवळ वस्तरा धरून. आणि ते माझ्याकडे बघून हसायचे. सगळं माहीत असून हसायचे."

"मी पहिल्या दिवशी नीट सांगायला हवं होतं. की त्यांना कळतं."

"सांगितलं होतंत तुम्ही. हिने मला येऊन सांगितलंही होतं." त्याने मान हलवली. "आम्हीपण ऐकलं नाही."

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "उभ्याने काय बोलताय? आत न्या त्यांना. नाहीतर आणखी एक जण गप्प होईल या घरात."

आतल्या खोलीत मास्तर उशीला टेकून बसले होते. मी सरावासाठी दिलेला, हातात धरायचा छोटा आरसा शेजारी पालथा पडला होता. मला बघून त्यांनी मान फिरवली नाही, हेच खूप होतं. मी पलंगाजवळ स्टुलावर बसले. मुलगा दाराशीच थांबला.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. "मास्तर, मी... तुम्ही मला सांगितलंत, आणि मी..."  जीभ टाळूला चिकटली. लोकांना शिकवते, श्वास पोटातून घ्या, मग बोला. माझा श्वास गळ्यापाशीच अडला. कसंबसं, तुकड्या तुकड्यांनी म्हणाले, "तुमचं ऐकलं नाही मी. चुकले. माफ करा."

 मास्तरांचा डावा हात चाचपडत गेला, त्यांनी आरसा उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला. त्यात मला माझे थरथरणारे ओठ दिसले.

"परत," ते म्हणाले. पंधरा दिवस न वापरलेला आवाज, गंजलेला. "परत एकदा म्हणा. सावकाश."

चेष्टा होती का ती? थोडी असेल. डोळ्यांत एका कोपऱ्यात टाचण्यांच्या वेळचं काहीतरी चमकलं. पण आरसा त्यांनी खाली घेतला नाही. मी परत म्हणाले. सावकाश, एकेक शब्द. स्वतःच्या तोंडाकडे बघत चूक कबूल करणं किती अवघड असतं, हे तेव्हा कळलं. आरशात दुसरीकडे बघायला जागाच नसते.

"मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही विश्वासाने सांगितलंत आणि मी ते चारचौघांत वाजवलं. मला माफ करा."

त्यांनी आरसा मांडीवर ठेवला. मान एकदा हलवली. माफ केलं की फक्त ऐकलं, हे मला आजही माहीत नाही, आणि विचारायचं धाडसही नाही. लाज गेली नाही. जाऊ नये असंही वाटतं.

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. तिथे मुलगा उभा होता, चौकटीला हात लावून. मास्तरांनी तोच आरसा पुन्हा उचलला आणि त्याच्या दिशेने धरला. हात उंच राहीना. मुलगा पुढे झाला आणि त्याने खालून तो हात धरला.

"तू," मास्तर म्हणाले. "आता तू."

मी स्टुलावरून उठले. चपला दाराबाहेर होत्या. सून स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे टिपत उभी होती. तिने मला बसायचा आग्रह केला नाही. मी बाहेर पडून दार ओढून घेतलं.

जिन्यात आले तेव्हा आतून मुलाचा आवाज येत होता. माझा कान तयार आहे, मधे भिंत असली तरी शब्द लावता येतात. एक क्षण पाऊल थांबलंसुद्धा, जुनी सवय. मग मी कठड्याला धरलं आणि पायऱ्या भराभर उतरत गेले, तो आवाज अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत.